अक्कांचं परस्थान

चामराजपेठेतल्या आमच्या घराच्या ओसरीत एक कोनाडा होता. शेजारच्या नरसिंहरावांना आमच्या घरचं पाणी चालत नसे, पण तो कोनाडा मात्र चालत असे. कारण आमचं घर त्यांच्या घराच्या बरोबर दक्षिणेला होतं, आणि त्यांच्याकडचं कुणीही दक्षिणेला निघालं, की त्याचं परस्थान आमच्या कोनाड्यात येऊन बसे.

आताच्या पोरींना हे समजावून सांगावं लागतं. प्रवासाचा दिवस पंचांगात वाईट निघाला, तर त्याआधीचा एखादा चांगला मुहूर्त गाठायचा आणि जायच्या दिशेच्या घरात एक पुरचुंडी नेऊन ठेवायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड, असं काहीबाही. ते झालं परस्थान. म्हणजे माणूस त्या मुहूर्तावर निघालाच, असं धरायचं. मग गाडी अमावास्येला असली तरी बिघडत नाही. जाताना पुरचुंडी उचलायची आणि चालू पडायचं. मला ही युक्ती फार आवडे. ग्रहांना फसवायचंच, तर असं उघड्यावर फसवावं.

मी निपाणीकडची. आमचे देवाप्पा विमानांच्या कारखान्यात फिटर होते, म्हणून लग्नानंतर मी बेंगळूरला आले. नरसिंहरावांचं घराणं मात्र शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं. तीनशे वर्षांत त्यांची मराठी अर्धी कानडी झाली होती, आणि तरी माझी मराठी ऐकून तेच नाक मुरडत. नरसिंहराव नव्या बांधलेल्या विधानसौधात महसूल खात्यात होते. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्टीला आधी पंचांग लागे, आणि पंचांग उघडलं की ती गोष्ट बहुधा राहूनच जाई.

त्यांची थोरली बहीण म्हणजे कृष्णाबाई. त्यांना घरीदारी सगळे अक्काच म्हणत. अक्का एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या होत्या. वडील हयवदनराव हट्टी. त्यांनी मुलीचे केस काढू दिले नाहीत, वर तिला शिकवलं. नातेवाइकांनी दोन वर्षं त्यांच्या घरी जेवणं बंद केलं, तर म्हातारा म्हणाला, बरं झालं, तांदूळ वाचले. त्याच हट्टापायी अक्का मुलींच्या शाळेत गणिताच्या बाई झाल्या. पण हयवदनराव गेले आणि हट्ट करणारं त्या घरात कुणी उरलं नाही. अक्का पहाटे मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, पाणी भरत, स्वयंपाक करत, भराभरा चालत शाळेत जात, तशाच भराभरा परत येत आणि पुन्हा चुलीपुढं बसत. उंच, सडसडीत बाई. मी त्यांना नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बोलताबोलता त्या माझ्या कुंपणावरचं वाळलेलं पान खुडत, माझ्या दोरीवरचे कपडे सारखे करत. कधीकधी मला रागच यायचा. म्हणायची, अक्का, ते माझे कपडे आहेत, राहू द्यात की वाकडे.

अठ्ठावन्न सालच्या एप्रिलमध्ये, शाळेच्या परीक्षा संपत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी अक्का आमच्या फाटकाशी आल्या. चेहरा असा, की काहीतरी चोरून आणलंय.

"सुलभा, मे महिन्यात मी केरळला जाते."

"कुणाच्या यात्रेबरोबर?"

"यात्रेला नाही ग. सुट्टीला."

मी हातातली बादली खाली ठेवली. सुट्टीला माहेरी जातात, हे मला ठाऊक होतं. सुट्टीला कुणी केरळला जातं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते राज्यही तेव्हा नवंनवंच झालेलं. अक्कांच्या शाळेत शोशाम्मा नावाच्या विज्ञानाच्या बाई होत्या, त्यांचं माहेर आलेप्पीला, अगदी समुद्राकाठी. शोशाम्मा दर मेमध्ये जात. या वर्षी त्यांनी अक्कांना म्हटलं होतं, तूही चल, मागची खोली रिकामी आहे, तुझी तू चूल मांड.

"आणि तिथं काय आहे?" मी विचारलं.

"समुद्र आहे. उकाडा आहे म्हणे, दुपारी जीव नकोसा होतो."

"मग कशाला जायचं?"

"तिथं मला काही काम नाही म्हणून." हे बोलत त्या आमच्या अंगणात फाटकापासून तुळशीपर्यंत येरझारा घालत होत्या. "ओसरीत खुर्ची टाकायची आणि बसायचं. मला बसायचं आहे ग सुलभा."

ते ऐकून मला हसू आलं होतं. पण त्यांचा आवाज असा होता, की मी हसले नाही.

घरी त्यांनी सांगितलं आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांची झोप उडाली. नरसिंहराव नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नसत. म्हणाले, "सरी, पाहू." सरी म्हणजे कानडीत बरं. त्या "सरी, पाहू"मध्ये त्यांच्या धाकट्या भावाचं वकिलीचं शिक्षण अडकून संपलं होतं आणि घराच्या मागच्या भिंतीची डागडुजी आठ वर्षं अडकून पडली होती. त्यांची बायको कमला सरळ बोलणारी. ती म्हणाली, "मेमध्ये? मग हप्पळ कोण लाटणार, संडिगे कोण घालणार? वर्षाचे पापड-सांडगे सगळे मेमध्येच असतात अक्का. तुम्हाला माहीत नाही का?" खरं तर अक्कांइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते सगळं त्याच करत होत्या.

मग जो तो अक्कांच्या सुट्टीला देव चिकटवू लागला. नरसिंहराव म्हणाले, "केरळात जातेसच, तर गुरुवायूर करून ये. लोकांना सांगायला बरं पडेल." समोरच्या घरातल्या मालनबाई म्हणाल्या, त्यापेक्षा उडुपी करा, आपला मठ आहे, जेवायची सोय. कुणी रामेश्वर सुचवलं. विधवा बाईनं देवाला जायला कुणाचीच ना नव्हती. चांगली वर्गणी काढून पाठवली असती. समुद्राकाठी खुर्ची टाकून बसायला मात्र कुणाचा मुहूर्त नव्हता.

"मला देव नको आहे नरसिंहा," अक्का एकदा म्हणाल्या. "देव घरात पुष्कळ आहेत. त्यांची भांडी रोज मीच घासते."

त्या वाक्यावर नरसिंहराव रात्री न जेवता झोपले. सकाळी उठून त्यांनी पंचांग काढलं.

आता बघा गंमत. रविवारी आणि शुक्रवारी पश्चिमेला जायचं नाही, आणि केरळ तर पश्चिमेच्या समुद्रावर. गुरुवारी दक्षिणेला जायचं नाही, आणि केरळ दक्षिणेलाही आहे. म्हटलं, मग सोमवार घ्या, शनिवार घ्या. तर म्हणे, गाडी आधी जोलारपेटपर्यंत पूर्वेला जाते आणि मग वळते, आणि सोमवार-शनिवार पूर्वेला वर्ज्य. उरले मंगळवार, बुधवार. मंगळवारी त्यांच्या घरातलं कुणी दाढी करायलासुद्धा बाहेर पडत नसे. म्हणजे तीनशे वर्षं ज्या गावात राहिलो, तिथून बाहेर पडायला आठवड्यातून एक बुधवार. देवाप्पा म्हणाले, "म्हणूनच तीनशे वर्षं राहिलेत."

आणि शोशाम्मांनी आयलंड एक्सप्रेसमध्ये दोघींच्या जागा राखून ठेवल्या होत्या त्या नेमक्या शुक्रवारी. बदलायला जागाच नव्हत्या. एर्नाकुळमला उतरून पुढं बोटीनं आलेप्पी.

तो महिना अक्कांनी कसा काढला, ते मी कुंपणापलीकडून पाहत होते. सकाळी त्या म्हणत, जाणार. दुपारी म्हणत, नकोच ते. संध्याकाळी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत, पुन्हा जात. पत्र्याची एक निळी ट्रंक होती. तिच्यात दोन लुगडी ठेवली, काढली, परत ठेवली. एकदा म्हणाल्या, "सुलभा, समुद्राचा आवाज दिवसभर येत असेल का ग? मग झोप कशी लागत असेल?" मी म्हटलं, लागेल की, तिथं तुम्हाला उठवायला कोण आहे? त्यावर त्या माझ्या पायरीवरचा चुना नखानं खरवडू लागल्या. मला त्यांच्या त्या चुळबुळीचा इतका त्रास होई, की माझ्याही हातातलं काम सुटे. वाटे, एकदाच्या जाव्यात नाहीतर एकदाचं नाही म्हणावं. पण त्यांना नाही म्हणताच येत नव्हतं आणि जाताही येत नव्हतं.

शुक्रवार चार दिवसांवर आला, तेव्हा मी कढीलिंब मागायला त्यांच्या अंगणात उभी होते. नरसिंहराव पडवीत पंचांग घेऊन बसले होते आणि अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या.

"शुक्रवार वाईट. बरं, बुधवारी सकाळी परस्थान ठेवता येतं," नरसिंहराव म्हणाले. "मुहूर्त उत्तम आहे. पण अक्का, ठेवायचं काय?"

"तांदूळ, सुपारी. नेहमीचं."

"तसं नव्हे. आपल्या घरची रीत आहे. पुरुषाचं असेल तर पुरचुंडीत जानवं घालतात. सवाष्णीचं असेल तर कुंकू आणि बांगडी. तुझं काय घालायचं?"

अक्कांनी खांबावरची धूळ बोटानं पुसली.

"आजवर कुणी ठरवलेलंच नाही," नरसिंहराव म्हणाले. माणूस खरोखर अडचणीत पडलेला दिसत होता. "कारण आजवर तसं कुणी गेलंच नाही. तशी शास्त्रात सोय आहे. वस्तू ठेवणं हे मध्यम. माणसानं स्वतः जाऊन त्या घरी राहणं, हे उत्तम. पण ते काही आपल्याला जमण्यासारखं नाही. तेव्हा पुढच्या वर्षी बघू. कमलाच्या भावाकडचे रामेश्वरला जायचं म्हणतायत, त्यांच्याबरोबर जा. सरी?"

अक्कांच्या हातात ओलं फडकं होतं. त्याची त्यांनी घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मी कढीलिंब न घेताच परत आले. तिथं आणखी क्षणभर उभी राहिले असते, तर तोंडून काहीतरी वाईट गेलं असतं.

बुधवारी सकाळी मी ओसरी सारवत होते. फाटक वाजलं. पाहते तर अक्का. न्हाऊन आलेल्या, पांढरं धुवट लुगडं, एका हातात ती निळी ट्रंक, दुसऱ्या हातात लहानशी शेगडी. त्यांनी ट्रंक कोनाड्याखाली ठेवली आणि शेजारी भिंतीला टेकून बसल्या.

"माझं परस्थान आलंय," म्हणाल्या.

"कुठं आहे?"

"ही मी."

मला हसू फुटलं. अक्का हसत नव्हत्या. "नरसिंहाच म्हणाला, स्वतः जाऊन राहणं उत्तम. पुरचुंडीत घालायला माझ्याकडं काही नाही. मग मीच आले. तुझ्याकडं चालेल ना ग? माझं मी परसात शिजवीन."

देवाप्पा कारखान्याच्या बसला निघाले होते. त्यांनी एकवार अक्कांकडं पाहिलं, एकवार कोनाड्याकडं. "राहू देत की. कोनाड्यात मावणार नाहीत, एवढंच." असं म्हणून ते गेले.

नरसिंहराव तासाभरात आले. फाटकाबाहेरच उभे राहिले. अंगावर कचेरीचा कोट, हातात छत्री.

"अक्का, हे काय मांडलंयस?"

"तूच म्हणालास ते. उत्तम."

"अग, पण इथं..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि वाक्य गिळलं.

"इथं काय, राव?" मी विचारलं. "तुमच्या सुपाऱ्या इतकी वर्षं इथंच झोपल्यात."

"तसं नव्हे सुलभाबाई, स्वल्प समजून घ्या..."

"नरसिंहा," अक्का बसल्याबसल्या म्हणाल्या, "ठेवलेलं परस्थान प्रवास न करता घरी परत आणलं, तर घराला चांगलं की वाईट? तेवढं सांग. चांगलं असेल तर आत्ता येते."

याचं उत्तर सगळ्या गल्लीला नरसिंहरावांनीच दहा वेळा सांगितलेलं होतं. त्यांच्या एका चुलत्यानं असंच परस्थान परत आणलं आणि त्याच पावसाळ्यात घरातली दुभती गाय गेली. छत्री उघडून, ऊन नसतानाही, ते कचेरीला निघून गेले. मला इतका आनंद झाला, की मी ओसरी दुसऱ्यांदा सारवली.

पण खरी कसोटी पुढंच होती. आमच्या घरात अक्कांना काम नव्हतं, आणि काम नसलेल्या अक्का म्हणजे काय, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. परसात त्यांनी आपला भात शिजवून घेतला, भांडं घासलं आणि मग त्या घरभर फिरू लागल्या. माझं सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या, मी ते हिसकावून घेतलं. वाती वळायला घेतल्या, त्याही मी काढून घेतल्या. म्हटलं, "बसायला निघालाय ना? मग बसायला शिका." खुर्ची दिली. खुर्चीत त्या ताठ बसत, पाय हलवत, आणि थोड्या वेळात उठून मागच्या दाराशी जात. तिथून त्यांच्या स्वयंपाकघराचं धुराडं दिसे.

"कमलानं भात उतरवला नाही अजून. करपलेला वास येतोय."

"येऊ दे."

"नरसिंहाला करपलेलं चालत नाही ग. लहानपणापासून."

आणि नरसिंहरावांना ते बरोबर ठाऊक होतं. बुधवारी संध्याकाळी ते पुन्हा फाटकाशी आले. या वेळी शास्त्राचा शब्द नाही. एवढंच म्हणाले, "तू घरात पाऊल ठेवीपर्यंत मी अन्नाला शिवणार नाही," आणि मागं न पाहता गेले.

आई गेली तेव्हा नरसिंहराव पाच वर्षांचे होते. त्यांना अक्कांनी भरवून वाढवलेलं. गुरुवारी सकाळी कमलानं कुंपणावरून सांगितलं, रात्री जेवले नाहीत, तसेच कचेरीला गेले. अक्कांनी त्या दिवशी शेगडी पेटवलीच नाही. दिवसभर त्या दाराशी आणि खुर्चीशी, खुर्चीशी आणि दाराशी. संध्याकाळी नरसिंहराव परत आल्याची चाहूल लागली, सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला, आणि अक्कांनी ट्रंक उचलली.

"कुठं?" मी विचारलं.

"घरी. तो उपाशी आहे."

"गाय मरेल ना घरातली?"

"गाय नाही आता आमच्याकडं." त्या शेगडी शोधत होत्या, शेगडी त्यांच्या पुढ्यातच होती. "जाऊ दे ग. मी काय, समुद्र न पाहताही इतकी वर्षं जगलेच की. त्याला भूक सोसत नाही."

मला असा संताप आला, की मी त्यांच्या वाटेतून बाजूला झाले. म्हटलं, "जा. जा आणि भरवा त्या पन्नाशीच्या बाळाला. मी पुन्हा तुमचं गाऱ्हाणं ऐकणार नाही." माझे डोळे भरले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवली.

तेवढ्यात मागच्या दारानं कमला आली. पदर खोचलेला, हाताला राख, कपाळावर घाम. इतक्या वर्षांत ती कधी आमच्या परसात आली नव्हती. अक्कांच्या हातातली ट्रंक तिनं पाहिली.

"ठेवा ती खाली," ती म्हणाली. "जेवलेत ते."

"कोण?"

"तुमचे भाऊ. कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोसे खाऊन आलेत. सदऱ्याला चटणी लागलीय. मी विचारलं तर म्हणतात, शाई आहे. हिरवी शाई! कालही तिथंच खाल्लं असणार. एरवी हॉटेलावरून जातानासुद्धा नाकाला धोतर लावतात."

अक्कांनी ट्रंक दुसऱ्या हातात घेतली.

"मी काही तुमच्या बाजूनं नव्हते," कमला म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण ती भांडत नव्हती. "तुम्ही जाऊ नये, असंच मला वाटत होतं. तुम्ही गेलात तर माझे हाल होतील म्हणून. झालेच की हाल. दोन दिवस भात करपतोय, पोरं बोंबलतायत. पण अक्का, तुम्ही आज परत आलात ना, तर आपल्या घरातली कुठलीच बाई पुन्हा कधी सुट्टीचं नाव काढणार नाही. मग मी कधी जाऊ? मला कुठं जायचंय, ते अजून कुणी विचारलेलंसुद्धा नाही."

मग अक्कांनी ट्रंक खाली ठेवली आणि तिच्यावरच बसल्या. "शाई म्हणाला?" त्यांनी विचारलं, आणि हसायला लागल्या. हसताहसता रडायला लागल्या. कमला जमिनीवर त्यांच्याजवळ बसली. मी तिला कॉफी विचारली आणि मग माझीच मला जीभ चावावीशी वाटली. पण कमला म्हणाली, "दे. साखर जास्त घाल."

शुक्रवारी दुपारपासून आमच्या ओसरीत नुसता गोंधळ. शोशाम्मा परस्पर स्टेशनवर भेटणार होत्या. कमलानं वाटेसाठी चित्रान्न करून आणलं, ते जरा करपलेलंच होतं. देवाप्पा त्या दिवशी लवकर घरी आले आणि ट्रंकेची कडी सैल आहे म्हणून तिला तार बांधत बसले. अक्का दर थोड्या वेळानं विचारत, निघायचं का, गाडी चुकेल का, छत्री घ्यावी का, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत दुसऱ्या खोलीत जात. मला वाटलं, आता या बाईला उचलूनच गाडीत घालावं लागणार.

जटका आणायला मी देवाप्पांना पाठवणार, तोच गल्लीच्या टोकाशी घुंगरं वाजली. पाहते तर जटक्यात टांगेवाल्याशेजारी नरसिंहराव. अर्धी रजा टाकून आले होते. खाली उतरले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "बायकांना एकट्यांना हे लोक वाटेल तिकडून नेतात. मी स्टेशनपर्यंत येतो." सदरा नवा होता. बाकी माफी वगैरे काही नाही. त्यांच्या मानानं तेवढंही पुष्कळ होतं.

कमला भरलेली घागर घेऊन रस्त्यात जाऊन उभी राहिली. निघणाऱ्याला भरली घागर समोरून यावी, हे आमच्याकडंही मानतात. मालनबाई दारात आल्या. देवाप्पांनी ट्रंक जटक्यात चढवली. घोडा पाय आपटत होता. सगळं जमलं, आणि पाहतो तर अक्का नाहीत.

ओसरीत नाहीत, परसात नाहीत. मालनबाई म्हणाल्या, घाबरून पळाल्या की काय. टांगेवाला ओरडायला लागला. नरसिंहरावांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं, की त्यांना काहीतरी आठवलं.

त्यांच्या घरातून कुणी प्रवासाला निघालं, की विधवेनं समोर यायचं नाही. हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्याही घरात कित्येक वर्षांत ते बोलून दाखवावं लागलं नव्हतं. दारात जटका आला, की अक्का हातातलं काम टाकून आपणहून आत जायच्या आणि गाडी जाईपर्यंत आतच राहायच्या. भाऊ लग्नाच्या वरातीला निघाला तेव्हा, कमला बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा, भाचरं परीक्षेला निघाली तेव्हा. त्यांनी कुणाला कधी निघताना पाहिलंच नव्हतं.

नरसिंहरावांनी चपला फाटकाशी काढल्या आणि ते आमच्या घरात शिरले. ओसरी, मधली खोली, सरळ स्वयंपाकघर. मी मागोमाग. तिथं दाराच्या आड, पाण्याच्या हंड्याशेजारच्या अंधारात अक्का उभ्या होत्या. तोंड भिंतीकडं, प्रवासाची पिशवी खांद्याला, पदर डोक्यावरून ओढलेला. आमची पावलं ऐकूनही त्या वळल्या नाहीत.

"गेली का रे गाडी?" त्यांनी विचारलं.

नरसिंहरावांनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली. मग ते म्हणाले, "नाही ग अक्का. तू बसल्याशिवाय कशी जाईल?"